तामार गप्प नव्हती

आजचे वाचन : २ शमुवेल १३:१-२२

हा अध्याय चर्चमध्ये फारसा वाचला जात नाही. संडे स्कूलमध्ये तर नाहीच. पण आज वाचू या.

ऑफिसात सर्व्हर बंद पडला की आम्हाला नंतर रिपोर्ट लिहावा लागतो : काय झालं, कोणाला केव्हा कळलं, कळल्यावर त्याने काय केलं. या वेळी मी हा अध्याय तसाच वाचला.

आजारपणाचं सोंग घ्यायची युक्ती अम्नोनाला चुलतभाऊ योनादाबाने दिली. दावीद राजाने फार विचार न करता तामारेला त्याच्या घरी पाठवलं. लोकांना बाहेर जायला सांगितलं, ते गेले. नंतर एका नोकराने तिला बाहेर काढून दाराला कडी लावली. अत्याचार एकाने केला, पण वाट करून देणारे किती!

आणि तामार? ती गप्प नव्हती. तिने आधी नकार दिला, कारणं सांगितली. हाकलून देताना म्हणाली की हा अन्याय पहिल्याहून मोठा आहे. मग अंगरखा फाडून, डोक्यावर राख टाकून, मोठ्याने रडत रस्त्याने गेली. तिला गप्प केलं सख्ख्या भावाने. अबशालोम सांगतो की गप्प राहा, तो तुझा भाऊच आहे, मनाला लावून घेऊ नकोस. ओळखीचं वाटतं ना? नवराच आहे तो. घरातलं बाहेर नको. मुलांकडे बघ.

दावीदाला फार राग आला, एवढंच २१ वं वचन सांगतं. जुन्या ग्रीक भाषांतरात पुढे जास्तीची ओळ आहे : अम्नोन ज्येष्ठ आणि लाडका, म्हणून राजाने त्याला दुखावलं नाही. दोन वर्षांनी अबशालोमाने अम्नोनाला मारवलं. काही जण त्याला न्याय म्हणतात. मला नाही पटत. तामारेला काय हवं होतं, ते कोणी विचारल्याचं कुठेच लिहिलेलं नाही.

मागच्या वर्षी आमच्या वरच्या मजल्यावरून रात्री मारहाणीचे, रडण्याचे आवाज यायचे. एकदा माझा कॉल चालू होता, मी हेडफोनचा आवाज वाढवला. सकाळी लिफ्टमध्ये त्या ताई भेटल्या, मी गुड मॉर्निंग म्हणालो. राग मलाही आला होता. दावीदालाही आला होता.

शेवटी बायको म्हणाली, तू नको, मी जाते. नवरा घरी नसताना ती एकटी गेली आणि नुसतं ऐकून घेतलं. पुढे काय झालं ते इथे लिहिणार नाही, ते त्या ताईंचं आहे.

तेव्हा मी घरगुती हिंसाचाराचा २००५ चा कायदा वाचला. कलम ४ प्रमाणे शेजारीसुद्धा संरक्षण अधिकाऱ्याला माहिती देऊ शकतो, आणि सद्हेतूने दिली तर त्याच्यावर कारवाई होत नाही. घर नवऱ्याच्या किंवा सासऱ्याच्या नावावर असलं तरी तिथे राहायचा हक्क कलम १७ ने तिला आहे. महिलांसाठी हेल्पलाइन १८१, जिवावर बेतलं असेल तर ११२. एरवी आधी तिला विचारा, तेही एकटीला. आपल्या घाईचा मार तिला पडू नये.

चर्चमध्ये अशी बाई सल्ला मागायला आली की तिला इफिस ५:२२ ऐकवलं जातं. तीनच वचनं पुढे, नवऱ्यांसाठी काय लिहिलंय, ते मात्र राहून जातं. पंडिता रमाबाईंनी मूळ भाषांवरून मराठी बायबल केलं, तेव्हा हा अध्यायही त्यांच्या हाताखालून गेला असणार. केडगावच्या मुक्तीमध्ये त्यांनी निराधार बायकांना नुसतं छप्पर दिलं नाही, शिक्षण दिलं, काम दिलं. ते बायबल छापायलाही तिथल्याच बायका होत्या. अबशालोमाच्या घरी तामारेला छप्पर होतं.

प्रार्थना : प्रभू, आवाज ऐकू आला की मला हेडफोन काढायला लाव. त्या ताईंना आज रात्री सुखरूप ठेव. आमेन.