नोट वाचायला शिका



तुमच्यापैकी कोणी पोस्टाची तिकिटे जमवतो, कोणी शिंपले आणि कवड्या. पण रोज घरात येणारी एक वस्तू आपण नीट पाहतही नाही. ती म्हणजे नोट!

पहाटे धक्क्यावर म्हावऱ्याचा लिलाव होतो. उजेड कमी, घाई फार, हात ओले. नोटा भराभर मोजून कमरेला लावल्या जातात. त्यात एखादी खोटी नोट आली तर? बँकेत नेली, की तिच्यावर शिक्का मारून बँक ती ठेवून घेते आणि पावती देते. बदली पैसे मिळत नाहीत. म्हणजे पाटीभर म्हावरं गेलं आणि हाती राहिला कागद! म्हणून नोट पारखायची ती हातात घेतानाच. त्यासाठी तीन गोष्टी लक्षात ठेवा.

१) उजेडाकडे धरून पाहा. नोटेच्या कोऱ्या जागेत गांधीजींचा चेहरा आणि नोटेचा आकडा दिसतो. हा जलचिन्हाचा भाग. तो वरून छापलेला नसतो, कागद तयार होतानाच त्यात येतो.

२) बोटाने चाचपून पाहा. शंभर, दोनशे आणि पाचशेच्या नव्या नोटांवर गांधीजींचे चित्र किंचित उठावाचे असते. दोन्ही कडांना तिरप्या उठावाच्या रेघा असतात. शंभरला चार, पाचशेला पाच. दोनशेलाही चारच, पण त्यांच्यामध्ये दोन गोल असतात. शिवाय शंभरवर त्रिकोण आणि पाचशेवर वर्तुळ उठावात असते. ज्यांना डोळ्यांनी दिसत नाही त्यांनाही नोट ओळखता यावी, म्हणून ही सोय. नोट फार वापरलेली असेल तर उठाव झिजतो, हेही ध्यानात ठेवा.

३) तिरपी करून पाहा. या तिन्ही नोटांतला चमकता धागा हिरव्याचा निळा होतो. त्यावर ‘भारत’ लिहिलेले असते. दोनशे आणि पाचशेवर उजवीकडे खाली असलेला मोठा आकडाही असाच रंग बदलतो. साध्या छपाईत ही करामत साधत नाही.

एकाच खुणेवर भरवसा ठेवू नका. तिन्ही पाहा. संशय आला तर नोट घेऊ नका, दुसरी मागा. आणि खोटी नोट आपल्याकडे आलीच, तर ती दुसऱ्याच्या गळ्यात मारू नका. जाणूनबुजून खोटी नोट चालवणे हा गुन्हा आहे. शिवाय आपले नुकसान टाळायला दुसऱ्या गरिबाचे नुकसान करायचे, हे बरे का?

आता नोटेवरच्या चित्रांकडे वळू. २०१९ साली आलेल्या वीसच्या नोटेमागे आपल्या महाराष्ट्रातली वेरूळची लेणी आहेत. एक रुपयाची नोट तर आपल्या समुद्राचीच गोष्ट सांगते. तिच्यामागे ‘सागर सम्राट’ हे तेलविहीर खोदणारे जहाज आहे. याच जहाजाने १९७४ साली मुंबईपासून सुमारे १६० किलोमीटरवर, भर समुद्रात तेल शोधले. तिथले तेल समुद्राखालच्या नळांतून आपल्या रायगड जिल्ह्यातल्या उरणला येते. या नोटेची आणखी एक गंमत आहे. बाकीच्या नोटांवर रिझर्व्ह बँकेच्या गव्हर्नरांची सही असते, पण एक रुपयाची नोट भारत सरकारची. तिच्यावर वित्त सचिवांची सही असते. भारतात नोटा छापायला सुरुवात झाली तीही आपल्या नाशिकला, १९२८ साली.

परदेशातही नोटा सुरक्षित करण्याची धडपड चालूच असते. ऑस्ट्रेलियाने १९८८ साली प्लॅस्टिकची नोट काढली. तिला आरपार दिसणारी खिडकी होती. जपानने जुलै २०२४ मध्ये नव्या नोटा आणल्या. नोट तिरपी केली, की तिच्यावरच्या चकाकत्या पट्टीतला चेहरा वळल्यासारखा दिसतो! त्यांतल्या हजार येनच्या नोटेवर कितासातो नावाचे डॉक्टर आहेत. धनुर्वातावरचा उपाय शोधण्यात त्यांचा मोठा वाटा होता. नोटेच्या मागे एक प्रचंड लाट आहे आणि त्या लाटेत सापडलेल्या तीन होड्या. खवळलेला समुद्र काय असतो, हे आपल्या कोळी बांधवांना वेगळे सांगायला नको.

मग संग्रह कसा करायचा? पैसे अडकवून ठेवायची मुळीच गरज नाही. एक वही करा. घरात आलेली नोट वडीलधाऱ्यांच्या परवानगीने पाहा, माहिती टिपा आणि परत द्या. किंमत, मागचे चित्र, सही, छपाईचे साल (ते मागच्या बाजूला असते) आणि लांबी-रुंदी लिहा. तुमचे काका-मामा जहाजावर किंवा आखाती देशांत असतील, तर ते आल्यावर तिकडची नोट दाखवायला सांगा. खरी नोट जपायची असेल तर स्वच्छ पाकिटात ठेवा. टाचणी, गोंद, घडी नको. नोटेवर लिहू नका आणि तिची रंगीत नक्कल काढू नका.

करून पाहा :

१) दहा, वीस, पन्नास, शंभर, दोनशे आणि पाचशेच्या नव्या नोटा पट्टीने मोजा. किंमत वाढते तशी लांबी कशी वाढते?
२) नोटेमागच्या चौकटीत पंधरा भाषा आहेत. वरून मोजत या. मराठी कितवी? (उत्तर : आठवी)
३) आज संध्याकाळी घरातल्या एका माणसाला वरच्या तीन खुणा समजावून सांगा. बाजारात जाणाऱ्या माणसाला आधी!