जंतू दिसले तरी ओळखायला दोनशे वर्षं का लागली?

प्रश्न : लेवेनहूकने सतराव्या शतकातच सूक्ष्मजीव पाहिले, असं मुलाच्या पाठ्यपुस्तकात आहे. मग जंतूंमुळे रोग होतात हे कळायला आणखी दोनशे वर्षं का लागली? मधल्या काळात शास्त्रज्ञ काय करत होते?

उत्तर : बराच काळ भांडत होते, असं म्हटलं तर ते अगदीच खोटं नाही. पण आधी लेवेनहूकविषयी.

हॉलंडमधल्या डेल्फ्टचा हा कापडाचा व्यापारी. विद्यापीठाची पायरी कधी चढला नाही, लॅटिन येत नव्हतं, पत्रं लिहायची ती डचमध्येच. सूक्ष्मदर्शक स्वतःच्या हातचा : दोन छोट्या पितळी पट्ट्यांमध्ये बसवलेलं बारीकसं एकच भिंग आणि मागे पदार्थ टोचून ठेवायला स्क्रूवर फिरणारी सुई. हे उजेडाकडे धरून डोळा जवळजवळ चिकटवून पाहायचं. त्याच्या शिल्लक राहिलेल्या भिंगांपैकी उत्तम भिंग वस्तू सुमारे २७० पट मोठी दाखवतं.

मिरी तिखट का लागते, याचं त्याला कुतूहल होतं. तिच्या कणांना बारीक काटे असावेत, असा त्याचा तर्क. म्हणून मिरी पाण्यात भिजत घातली आणि तीनेक आठवड्यांनी थेंब भिंगाखाली धरला, तर काटे नाहीतच, वळवळणारे जीव! ऑक्टोबर १६७६ मध्ये त्याने हे सगळं लंडनच्या रॉयल सोसायटीला सविस्तर कळवलं. तिथे विश्वास बसेना. तेव्हा गड्याने गावातल्या पाद्र्यांसकट प्रतिष्ठितांच्या लेखी साक्षी पाठवल्या. पुढे १६७७ मध्ये रॉबर्ट हूकने ते जीव स्वतः पाहिले, तेव्हा कुठे शंका फिटली. १६८३ मध्ये लेवेनहूकने आपल्याच दातांवरचं कीट तपासलं. रोज मिठाने दात घासणारा माणूस, तरी त्यात जीव होतेच.

पण उत्तम भिंगांचं आणि पाहण्याच्या पद्धतीचं गुपित त्याने कुणाला सांगितलं नाही. १७२३ मध्ये तो गेला, त्याच्याबरोबर कसबही गेलं. इतरांच्या अनेक भिंगांच्या सूक्ष्मदर्शकांत वस्तूभोवती रंगीत कडा दिसायच्या. जोसेफ जॅक्सन लिस्टरने तो दोष आटोक्यात आणला तो थेट १८३० च्या सुमारास. माझ्या मते उशिराचं पहिलं कारण हेच.

दुसरं कारण ते भांडण. नासलेल्या रश्शात जीव आपोआप उपजतात, असं भलेभले मानत. मग रोग्याच्या अंगात जंतू सापडले तरी ते रोगाचं कारण की परिणाम? इटलीच्या स्पालान्झानीने रस्सा बंद भांड्यात उकळून दाखवला, तो नासला नाही. विरोधक म्हणाले, तुम्ही आतली हवाच बिघडवली! १८६० च्या आसपास पाश्चरने हंसाच्या मानेसारख्या वाकड्या नळीचा चंबू वापरला. हवा आत जायची, धूळ मात्र वळणावर अडायची. रस्सा टिकला. मान तोडली की नासला. वाद इथे बहुतेक मिटला.

तरी एक अडचण उरलीच. रश्शात सगळे जंतू एकत्र वाढतात, त्यातला गुन्हेगार कोणता? रॉबर्ट कॉखने आधी उकडलेल्या बटाट्याच्या कापांवर आणि मग जिलेटिनवर जंतूंचे वेगवेगळे ठिपके वाढवले. पण शरीराच्या तापमानाला जिलेटिन वितळतं आणि काही जंतू ते पचवूनही टाकतात. यातून वाट दाखवली ती कॉखकडे काम करणाऱ्या वाल्टर हेस्सेच्या पत्नीने, फॅनीने. ती जेलीत अगर घालायची. जाव्यात राहून आलेल्या शेजाऱ्यांकडून तिला हा पदार्थ माहीत झाला होता. समुद्री शेवाळापासून काढलेलं अगर एकदा गोठलं की उकळीच्या जवळ नेल्याशिवाय वितळत नाही. २४ मार्च १८८२ ला कॉखने बर्लिनमध्ये क्षयाचा जंतू जाहीर केला. त्या निबंधात अगरचा ओझरता उल्लेख आहे, हेस्से पती-पत्नीचं नाव नाही. कॉखचा सहायक पेट्री याने १८८७ मध्ये झाकणाची काचेची बशी आणली, तिला मात्र त्याचं नाव मिळालं. हा अन्यायच म्हणायचा.

किराणा दुकानात ‘चायना ग्रास’ म्हणून मिळतं ते हेच अगर. फरक घरी पाहायचा असेल तर एका वाटीत जिलेटिनची आणि दुसरीत चायना ग्रासची जेली लावा आणि मे महिन्यातल्या दुपारी दोन्ही ओट्यावर ठेवा. पहिलीचं पाणी होईल, दुसरी तशीच राहील.