बळी आणि अर्पण

(पाठ : उत्पत्ति २२.१-१४, लूक १३.१-५, योहान १०.११-१८, रोम १२.१)

आपल्या भाषेंत 'बळी' या एका शब्दाचे दोन अर्थ आहेत. वेदीवर अर्पण होतो तो बळी, आणि आपत्तींत सांपडून मरतो तोही बळी. ता. ३० सप्टेंबर १९९३ रोजीं पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनीं किल्लारीची भूमि हादरली. गणपतिविसर्जन आटोपून लोक निजले होते. हजारों माणसें ढिगाऱ्याखालीं गेलीं, आणि 'भूकंपानें बळी घेतले' असें जो तो म्हणूं लागला. मग दुःखी घरांत प्रश्न उठतो : हे बळी मागितले कोणीं? देवानें काय? याचें उत्तर देण्यास ख्रिस्ती यज्ञाचा अर्थ नीट समजला पाहिजे.

हा अर्थ जुन्या मंडळ्यांनीं मंदिरांच्या खिडक्यांतही रेखाटून ठेविला आहे. खेड्यांतील आपल्या मंदिरांस बहुधा साध्या लांकडी झडपा असतात. परंतु मुंबईस कुलाब्याच्या अफगाण चर्चमध्यें, ज्याची प्रतिष्ठा १८५८ सालीं झाली, रंगीत कांचेच्या खिडक्या पाहावयास मिळतात. कांचेचे तुकडे शिशाच्या पट्ट्यांनीं जोडून असें चित्र करितात. दिवसा बाहेरून तें काळवंडलेलें दिसतें; आंत येऊन उजेडाकडे तोंड केलें म्हणजे उमगतें.

फ्रान्स देशांत बूर्ज येथील महामंदिरांत तेराव्या शतकांतील अशी एक खिडकी आहे. मध्यें वधस्तंभीं खिळलेला प्रभु. भोवतीं लांकडें वाहणारा इसहाक, वल्हांडणाचें कोंकरूं, आणि पाणकोळी पक्षी. पाणकोळी आपली छाती फोडून पिलांस रक्तानें जगवितो, अशी पूर्वी समजूत होती. ती खरी नाहीं. परंतु तिच्या मिषानें चित्रकारानें जें सांगितलें तें खरें आहे. या चित्रांवरून आपण तीन गोष्टी शिकूं.

पहिली : अब्राहामाचा सुरा उगारलेला असतां देवानेंच त्याचा हात थांबविला, आणि मेंढा पुरविला. बापाच्या हातून लेकरूं हिरावून घेणारा हा देव नव्हे.

दुसरी : पाणकोळी पिलांचें रक्त मागत नाहीं, आपलें देतो. येशूचा प्राण कोणीं बळजबरीनें घेतला नाहीं. तो त्यानें स्वतः होऊन दिला. म्हणून ख्रिस्ती यज्ञ म्हणजे देवाची भूक भागविणें नव्हे, तर देवानें आपणांसाठीं स्वतःस देणें होय.

तिसरी : जें आपण होऊन दिलें तेंच अर्पण. निजलेल्या लेकरानें कांहींच अर्पिलें नव्हतें. त्याच्या मरणास यज्ञ म्हणणें हा त्याच्यावर व देवावर दोहोंवर अन्याय आहे. शिलोहाचा बुरूज पडून अठरा माणसें मेलीं, तेव्हां तीं इतरांपेक्षां अधिक पापी होतीं काय, असें विचारून प्रभूनें स्वतःच 'नाहीं' म्हटलें. किल्लारीच्या मृतांविषयींही आपलें उत्तर हेंच असो. तेथें मातींत रचलेल्या दगडी भिंती होत्या, वर धाब्याचा जड भार होता. भूमि हालतांच तो निजलेल्यांवर कोसळला. जें भिंतीनें केलें तें देवाच्या माथीं मारूं नये.

मग आपण काय अर्पावें? पौल आपणांस जिवंत यज्ञ होण्यास सांगतो. त्या पहाटे जो शेजाऱ्याचें लेकरूं काढण्यास हातांनीं माती उपसूं लागला, त्यानें अर्पण केलें. भिंतीच्या दोन्ही थरांस बांधणारा आरपार दगड जो गवंडी कोणी पाहत नसतांही चुकवीत नाहीं, तोही अर्पण करितो. आणि दुःखिताजवळ बसून, 'देवानें घेतलें' असें उतावळेपणानें न म्हणतां, जो त्याच्याबरोबर रडतो, तोही.

मननासाठीं प्रश्न :
१. अब्राहामाचा हात कोणीं थांबविला, व त्यावरून देवाचा स्वभाव कसा कळतो?
२. शोक करणाऱ्याजवळ आम्ही आजवर कोणते शब्द बोललों? ते प्रभूच्या शब्दांशीं जुळतात काय?
३. या आठवड्यांत कोणीं न मागतां आपण काय देऊं?