संगीताच्या विद्यार्थ्यांची इंग्रजी शब्दसूची

संगीत विषय घेतलेली एक विद्यार्थिनी इंग्रजीत लिहिलेला रागपरिचय तपासण्यासाठी माझ्याकडे घेऊन आली. 'या रागात गंधार फ्लॅट गातात,' असे तिने लिहिले होते. तिला म्हणायचे होते, गंधार कोमल आहे. पण 'टू सिंग फ्लॅट' म्हणजे सूर उतरणे, बेसूर गाणे! दोष तिचा नव्हता. तिच्या वहीत 'फ्लॅट म्हणजे कोमल' एवढेच उतरवलेले होते.

शब्दापुढे शब्द मांडून शब्दसूची होत नाही. याच शब्दाचे पाहा. 'ई फ्लॅट' हे एका ठरलेल्या उंचीच्या स्वराचे नाव. आपला कोमल गंधार मात्र षड्जाबरोबर सरकतो. काळी एकचा षड्ज धरला, की तो पांढरी तीनवर, म्हणजे नुसत्या 'ई'वर येतो. तेथे फ्लॅटचे नावही नाही. म्हणून वहीत 'फ्लॅट'समोर दोन वाक्ये हवीत, एक स्वराच्या नावाचे आणि एक उतरलेल्या सुराचे.

'स्केल' हा शब्द तर आपण रोज वापरतो. 'तुम्ही कोणत्या स्केलमध्ये गाता?' 'काळी चार.' येथे आपल्याला पट्टी अभिप्रेत असते. इंग्रजीत ते सांगताना 'माझा टॉनिक जी शार्प आहे' असे म्हणावे. (टॉनिक म्हणजे येथे औषधाची बाटली नव्हे, आधारस्वर!) इंग्रजी पुस्तकातील स्केल म्हणजे क्रमाने मांडलेली स्वरपंक्ती. मग रागाला स्केल म्हणावे काय? भूप आणि देशकार या दोहोंचे स्वर सा रे ग प ध हेच. स्केल एक, राग मात्र दोन; भूपात गंधाराचे राज्य, देशकारात धैवताचे. म्हणून राग, ताल, सम हे शब्द इंग्रजीतही तसेच ठेवावेत आणि पहिल्यांदा येतील तेथे एका वाक्यात उलगडावेत. 'सम' म्हणजे तालचक्राची पहिली मात्रा, 'द फर्स्ट बीट ऑफ द सायकल'. एवढे पुरते.

क्रियापदांकडे आपले विद्यार्थी फार दुर्लक्ष करतात. तबल्याची साथ सांगताना 'अकंपनीड'नंतर वाद्यापूर्वी 'ऑन' आणि वादकापूर्वी 'बाय' येते. 'ट्यून' हे नामही आहे, क्रियापदही. तंबोरा 'ट्यून' करतात, गळा नव्हे.

शब्द कोशातून नव्हे, वाचनातून वेचावेत. सांगलीच्या कृ. ब. देवलांनी १९१० साली बावीस श्रुतींवर इंग्रजीत पुस्तक लिहिले. फॉक्स स्ट्रँगवेजचा हिंदुस्थानी संगीतावरील ग्रंथ १९१४ चा. दोघांची भाषा जुनी आहे, पण 'इंटरव्हल', 'ड्रोन', 'ग्रेस' हे शब्द तेथे वाक्यात काम करताना दिसतात. डॉ. अशोक रानडे यांचे १९९० मधील संज्ञांवरील इंग्रजी पुस्तक तर हाताशीच असावे.

आता अभ्यास. तुम्हांला येणारा एखादा छोटा ख्याल घ्या. तंबोरा लावण्यापासून तिहाईपर्यंत काय काय घडते ते दहा इंग्रजी वाक्यांत लिहा. जेथे शब्द अडेल तेथे जागा कोरी सोडा. त्या कोऱ्या जागा म्हणजेच तुमच्या सूचीचे पहिले पान.