मेकॅनिकलची सीट विकत घेऊ नका

आज महाराष्ट्रात मेकॅनिकल इंजिनिअरिंगच्या सीटसाठी कुणाला एक रुपयासुद्धा डोनेशन द्यावं लागू नये. सगळी झुंबड कॉम्प्युटर आणि एआयकडे आहे. मेकॅनिकलचा कटऑफ त्याच कॉलेजातल्या कॉम्प्युटरपेक्षा बराच खाली थांबतो आणि अनेक खाजगी कॉलेजांत या ब्रँचच्या जागा शेवटच्या फेरीनंतरही रिकाम्या राहतात. ज्याला मनापासून यंत्रांत रस आहे, त्या मुलाला मध्यम पर्सेंटाइलवरही सरकारी कॉलेज मिळू शकतं. तरीही दरवर्षी प्रवेशाच्या दिवसांत गावोगाव माणसं फिरतात आणि एरवी रिकाम्या राहतील अशा जागा पैसे घेऊन विकतात.

माझ्या बहिणीच्या घरी असंच झालं. जत तालुक्यात त्यांची कोरडवाहू जमीन, थोडी डाळिंबं. भाच्याची सीईटी झाली होती, कॅपचा, म्हणजे केंद्रीय प्रवेश प्रक्रियेचा, ऑप्शन फॉर्म अजून भरायचा होता. तेवढ्यात एक ओळखीचा माणूस दाजींना भेटला. ‘‘सीटा भरत आल्यात, आत्ताच बुक करा. फीची काळजी नको, निम्मी स्कॉलरशिपमध्ये जाते.’’ दाजींनी २५ हजार दिले. १० हजार कॉलेजच्या पावतीवर, १५ हजार त्या माणसाच्या हातात. कॉलेजने शाळा सोडल्याचा दाखला आणि मूळ गुणपत्रिका ठेवून घेतल्या. मला हे कळलं ते कॅपच्या यादीत भाच्याचं नाव सरकारी कॉलेजला लागल्यावर. कागद मागायला गेलो तर कारकून म्हणाला, ‘‘वर्षाची फी भरा आणि घेऊन जा.’’

अशा वेळी आवाज चढवून काही होत नाही, लेखी अर्जच लागतो. एआयसीटीईचा, म्हणजे अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेचा, नियम स्पष्ट आहे. विद्यार्थ्याची मूळ कागदपत्रं संस्थेला अडकवून ठेवता येत नाहीत, आणि ठरलेल्या तारखेआधी प्रवेश रद्द केला तर जास्तीत जास्त १००० रुपये कापून बाकीची फी परत द्यावी लागते. हे दोन्ही नियम अर्जात लिहिले, खाली तंत्रशिक्षणाच्या विभागीय कार्यालयाला प्रत घातली आणि आमच्या प्रतीवर पोचेचा शिक्का मागितला. शिक्का काही मारला नाही, पण कागद त्याच दुपारी हातात पडले. पावतीवरचे पैसे काही महिन्यांनी आले. रोख दिलेले गेले ते गेलेच. डोनेशन घेणं १९८७च्या कायद्याने गुन्हा आहे, पण पावतीच नसेल तर दिले हे सिद्ध कसं करणार?

त्या माणसाने स्कॉलरशिपचं जे सांगितलं होतं, ते तर साफ खोटं होतं. राजर्षी शाहू महाराज शिक्षण शुल्क शिष्यवृत्तीत ८ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या घरातल्या खुल्या प्रवर्गाच्या मुलाची निम्मी ट्यूशन फी शासन भरतं, हे खरं. पण सीट कॅपमधून मिळालेली असावी लागते. कॉलेजने आपल्या कोट्यातून दिलेल्या सीटला ती लागू नाही. म्हणजे दाजींना चारही वर्षं पूर्ण फी भरावी लागली असती. मुलींच्या पालकांनी तर हे कोरून ठेवावं. २०२४-२५पासून ईडब्ल्यूएस, एसईबीसी आणि ओबीसी मुलींची, ८ लाखांच्याच मर्यादेत, ट्यूशन आणि परीक्षा फी पूर्ण माफ आहे, आणि तिथेही अट कॅपचीच.

दुसरी एक सवलत हुशार मुलांच्याही हातून निसटते, कारण ती कुणी समजावून सांगत नाही. टीएफडब्ल्यूएस म्हणजे पूर्ण ट्यूशन फी माफीच्या जागा. मंजूर जागांच्या ५ टक्के जास्तीच्या, सगळ्या प्रवर्गांना खुल्या, उत्पन्नाची मर्यादा ८ लाख. ऑप्शन फॉर्ममध्ये या जागेचा कोड वेगळा असतो, शेवटी ‘टी’ अक्षर असलेला. नेहमीचा कोड भरला म्हणून ही जागा आपोआप मिळत नाही, तो ‘टी’चा कोड स्वतंत्र आणि वरच्या पसंतीला टाकावा लागतो. या जागेवर आलेल्याला पुढे कॉलेज किंवा ब्रँच बदलता येत नाही, आणि डेव्हलपमेंट फीसारख्या बाकीच्या फिया द्याव्याच लागतात. एवढं कबूल असेल तर खाजगी कॉलेजातल्या स्वस्त वाटांपैकी ही एक आहे.

हे सगळं कागदांवर चालतं. तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला, डोमिसाइल, लागू असेल त्याप्रमाणे नॉन क्रीमिलेअर आणि जात पडताळणी, यांचे अर्ज निकालाची वाट न पाहता आधीच टाका. निकालानंतर सेतू केंद्रावर रांग लागते आणि सर्व्हर बसतो. बँक खातं आधारला जोडलेलं आहे ना, तेही बँकेत जाऊन विचारा, नाहीतर महाडीबीटी या शासनाच्या पोर्टलवर मंजूर झालेले शिष्यवृत्तीचे पैसे अडकून राहतात. तिथला अर्ज दरवर्षी नव्याने भरायचा असतो.

कॉलेज सरकारी असलं म्हणजे फी सगळीकडे सारखी, असंही नाही. पुण्याचं सीओईपी १८५४चं, मुंबईचं व्हीजेटीआय १८८७चं. नावं मोठी, पण त्यांची वार्षिक फी कराड, अमरावती, जळगाव, चंद्रपूर किंवा अवसरीच्या शासकीय कॉलेजांपेक्षा कितीतरी जास्त आहे. त्यावर शहरातलं खोलीभाडं आणि मेस. शेतकऱ्याच्या घरचा हिशेब इथेच कोलमडतो. कराडला होस्टेल मिळालेला मुलगा मुंबईत कॉट बेसिसवर राहणाऱ्यापेक्षा निम्म्याहून कमी खर्चात राहतो, हे मी शेजारीपाजारी पाहतो आहे. खाजगी कॉलेज घ्यायचंच असेल तर शुल्क नियामक प्राधिकरणाने त्या कॉलेजसाठी मंजूर केलेला आकडा पाहा. होस्टेल, बस, डिपॉझिट त्यावर वेगळं किती, ते लेखी मागा.

फी परवडली म्हणून लगेच सही करू नका. आधी वर्कशॉप बघा. मी भोसरीत मेंटेनन्सला आहे, नवीन मुलं हाताखाली येतात, तेव्हा कोण मशीनवर उभा राहिला आहे आणि कोणी नुसती जर्नलं उतरवली आहेत, ते पहिल्या आठवड्यात कळतं. दाजींना ज्या कॉलेजने सीट विकली, तिथलं वर्कशॉप मी मुद्दाम पाहिलं. चार लेथ रांगेत उभे, बेडवर धुळीचा थर, कॅरेज सरकवू गेलो तर जागचं हलेना. चकची चावी मागितली, ती सापडली नाही. कूलंटच्या ट्रेमध्ये ओल नाही आणि एक बुरी, म्हणजे धातूचा कीसदेखील नाही. जिथे रोज जॉब चालतात तिथे बुरी पडलेली दिसते, कटिंग ऑइलचा वास येतो, मुलांच्या एप्रनवर डाग असतात. हे पाहायला इंजिनिअर असावं लागत नाही.

नोकरी करणाऱ्यांना आणखी एका गोष्टीपासून सावध करायचं आहे. आमच्याकडचा एक सुपरवायझर दूरशिक्षणाने बीटेक झाला. बढतीच्या वेळी पडताळणीत ती डिग्री बाद ठरली, पैसे आणि वर्षं दोन्ही पाण्यात. इंजिनिअरिंगची पदवी दूरशिक्षणाने मान्य नाही. अभिमत विद्यापीठांच्या अशा पदव्यांवर २०१७ साली सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला आहे. पूर्वी कामगारांचा आधार असलेली, इन्स्टिट्यूशन ऑफ इंजिनिअर्सची एएमआयईसुद्धा मे २०१३नंतर नोंदणी केलेल्यांना पदवीच्या बरोबरीची धरली जात नाही. डिप्लोमा असलेल्या नोकरदारांसाठी एआयसीटीईने मान्य केलेले वेगळे वर्ग आता काही कॉलेजांत आहेत, तेवढेच विचारा.

आणि घरात दहावीचं पोर असेल तर शासकीय तंत्रनिकेतनाचा विचार आधी करा. मी त्याच वाटेने आलो. तीन वर्षं डिप्लोमा, मग थेट दुसऱ्या वर्षाला डिग्री, आणखी तीन वर्षं. अकरावी-बारावी करून जाणाऱ्यालाही सहाच वर्षं लागतात. तंत्रनिकेतनाची फी नाममात्र, सीईटी नाही, डिग्रीचा प्रवेश डिप्लोमाच्या टक्क्यांवर, आणि हाताला मशीन दोन वर्षं आधी लागतं. अडतं ते डिग्रीच्या दुसऱ्या वर्षाच्या एम-थ्रीला, म्हणजे गणिताच्या तिसऱ्या पेपरला. बारावी झालेल्यांचं गणित पुढे गेलेलं असतं आणि डिप्लोमावाले तिथे ढिगाने एटीकेटीत अडकतात. म्हणून शेवटच्या सेमिस्टरनंतरच्या सुट्टीत इंटिग्रेशन आणि डिफरन्शिअल इक्वेशन्स रोज दोन तास सोडवा, जमल्यास वरच्या वर्षाच्या एखाद्या मुलाला गाठून त्याच्या नोट्स घ्या.