छोटा ट्रॅक्टर आणि मागची ट्रॉली

द्राक्षाच्या दोन ओळींमधून सहज फिरता यावा म्हणून नाशिक व सांगली जिल्ह्यांतील बागायतदारांनी पसंत केलेला १८ ते २० अश्वशक्तीचा छोटा ट्रॅक्टर केवळ बागेपुरता राहिलेला नाही. फवारणीची कामे आटोपली की त्याच्यामागे ट्रॉली जोडली जाते. शेणखत, मालाचे क्रेट, विटा आणि टंचाईच्या दिवसांत पाण्याचा टँकरसुद्धा तो ओढतो. खालच्या गिअरमध्ये चाकांवरचा जोर पुष्कळ वाढत असल्याने ओढण्याची अडचण सहसा येत नाही. अडचण येते ती थांबताना.

अशा ट्रॅक्टरचे वजन साधारण ८०० किलो असते आणि ब्रेक फक्त मागच्या दोन चाकांना असतात. बहुतेक ट्रॉल्यांना ब्रेकच नसतो. आता २,००० लिटरचा भरलेला टँकर घ्या. पाणी २ टन, रिकामा टँकर सुमारे ७०० किलो आणि ट्रॅक्टर मिळून साडेतीन टनांचे ओझे होते. ते रोखायचे मागच्या दोन टायरांच्या पकडीवर, आणि त्यांच्यावर प्रत्यक्ष भार जेमतेम ६०० किलोंचा! ढोबळ हिशेबाने, कोरड्या डांबरी रस्त्यावर ताशी २० किलोमीटर वेगाने जाणारा मोकळा ट्रॅक्टर ब्रेक लागल्यावर साडेचार मीटरमध्ये थांबेल. टँकरसह त्याला १५ मीटर लागतील. वेग निम्मा केला तर हेच अंतर ४ मीटरवर येते, कारण थांबण्याचे अंतर वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात बदलते.

उताराची गोष्ट याहून गंभीर आहे. दहा फुटांत एक फूट उतार असला तर टायरांची जवळजवळ सगळी पकड ओझे धरून ठेवण्यातच खर्ची पडते. थांबवण्यासाठी काही उरत नाही. खडीवर वा चिखलात पकड आणखी कमी होते. चाके घसरू लागली की ट्रॉली ट्रॅक्टरला मागून ढकलते आणि वळणावर त्याला आडवा करते. इंजिनाचा रोधही याच दोन चाकांतून लागतो. त्यामुळे खालचा गिअर ब्रेक तापू देत नसला तरी टायरांची पकड वाढवीत नाही. तरीही गिअर उतार लागण्यापूर्वीच टाकला पाहिजे. डिझेल वाचविण्यासाठी गिअर काढून उतरण्याची सवय तर निव्वळ आत्मघातकी होय.

शेतात वळताना डावा-उजवा ब्रेक वेगळा वापरता यावा म्हणून दोन पेडल सुटी ठेवलेली असतात. रस्त्यावर येण्यापूर्वी ती एकमेकांना जोडली नाहीत तर एकच चाक अडते आणि ट्रॅक्टर एका बाजूला ओढला जातो.

जोडणीविषयी एक गोष्ट कटाक्षाने सांगावयास हवी. ट्रॉली खालच्या ड्रॉबारलाच जोडावी. ओढण्याचा बिंदू मागच्या आसाच्या वर गेला आणि चढावर क्लच झटक्याने सोडला, तर पुढची चाके उचलली जाऊन ट्रॅक्टर चालकाच्या अंगावर उलटतो; उडी मारण्याइतकाही अवधी मिळत नाही. पिन जाड, अटकावाची असावी आणि जोडीला साखळी असावी. पिनेऐवजी सळईचा तुकडा चालवून घेणे सर्रास दिसते, ते थांबले पाहिजे.

दोन चाकी ट्रॉलीत ओझे आसाच्या किंचित पुढे असावे. मागे जास्त भरल्यास दांडी वर उचलून मागच्या चाकांची पकड जाते, फार पुढे भरल्यास स्टिअरिंग हलके पडते. टँकर मात्र पूर्ण भरलेला किंवा पूर्ण रिकामा बरा. अर्ध्या टँकरातील पाणी वळणावर एका अंगाला धावते आणि आत आडपडदे नसतील तर ब्रेक लावताच पुढे आदळते.

मोटार वाहन कायदा, १९८८ अन्वये ट्रॉली हेही वाहनच असल्याने तिची नोंदणी आवश्यक आहे. टँकर भाड्याने ठरविताना ग्रामपंचायती दर आणि खेपा पाहतात. टँकरला स्वतःचे ब्रेक आहेत काय, पाठीमागे लाल परावर्तक आहेत काय आणि गावच्या वाटेवर उतार किती, हेही त्याच वेळी विचारून घेता येईल. ब्रेक नसलेला टँकर उताराच्या वाटेने न्यावयाचा असेल, तर खेप मोठ्या ट्रॅक्टरकडे द्यावी किंवा लहान टँकर पूर्ण भरून खेपा वाढवाव्यात.