टेबलाशी वाट पाहताना

शास्त्रभाग : प्रेषितांची कृत्ये ६:१-७, योहान २:१-११, १ करिंथ ११:२०-३४

प्रभुवारची उपासना आटोपली की कित्येक कुटुंबे आता घरी न जेवता हॉटेलात जातात. मोठ्या हॉटेलांतून त्या दिवशी ‘ब्रंच’ असतो. म्हणजे न्याहारी व दुपारचे जेवण मिळून एकच भोजन. गाय बेरिंजर या इंग्रज लेखकाने १८९५ साली एका साप्ताहिकात या भोजनाचा पुरस्कार केला. शनिवारी रात्री जागरण करणाऱ्यांना रविवारी लवकर उठावे लागू नये, असा त्याचा हेतू होता. आपण तेथे जातो ते मात्र उपासनेहून.

त्या वेळी सारी गर्दी एकदमच लोटते. ऑम्लेट, डोसे मागणीप्रमाणे करावे लागतात. तवे तेवढेच, आचारी तेवढेच. अर्धा तास होतो, ताट येत नाही. पोटात कावळे ओरडू लागतात. मग बोलणी कोण खातो? वेटर! तवा त्याच्या हाती नाही, आचारी वाढवणेही त्याच्या हाती नाही. अशा वेळी ख्रिस्ती माणसाने कसे वागावे?

१. गाऱ्हाणे खरे असू शकते. यरुशलेमेच्या मंडळीत रोजच्या वाटणीत ग्रीक भाषा बोलणाऱ्या विधवांची उपेक्षा होऊ लागली आणि कुरकुर सुरू झाली. प्रेषितांनी ती दडपली नाही, की वाढणाऱ्यांना दोषही दिला नाही. स्तेफन, फिलिप्प आदी सात जण नेमून त्यांनी व्यवस्था सुधारली. आपणही उशीर झाल्यास शांतपणे विचारावे. सांगायचे असेल ते व्यवस्था पाहणाऱ्यास सांगावे. वेटरवर ओरडल्याने तवा लवकर तापत नाही.

२. वाढणाऱ्याचा मान मोठा आहे. मंडळीतील ‘डीकन’ हा शब्द ज्या ग्रीक शब्दापासून आला, तोच शब्द काना येथील लग्नात पाणी भरणाऱ्या चाकरांसाठी योजला आहे. द्राक्षारस कोठून आला हे भोजनकारभाऱ्याला कळले नाही. चाकरांना ठाऊक होते. प्रभूनेही स्वतःला सेवा करणाराच म्हटले. मग टिचकी वाजवून किंवा “ए पोऱ्या” म्हणून आपण कोणाला हाक मारतो?

३. भूक ही कसोटी आहे. करिंथ येथे काही जण आधीच जेवून घेत आणि काही उपाशी राहत. पौलाने त्यांना एकमेकांसाठी थांबावयास सांगितले. आपल्याला वाढणारा बहुधा अजून जेवलेला नसतो. रविवारी त्याला सुट्टीही नसते. हे ध्यानात आले म्हणजे आपला अर्धा तास फार मोठा वाटत नाही.

काही बंधुभगिनी निघताना टेबलावर सुवार्तापत्रिका ठेवतात. चांगली गोष्ट. पण वेटर ती वाचण्यापूर्वी आपल्याला वाचून चुकलेला असतो. आपले बोलणे कठोर आणि बक्षिसी देताना हात आखडता, तर त्या पत्रिकेवर त्याचा विश्वास कसा बसावा?

शब्बाथशाळेच्या शिक्षकांनी वर्गात पुढील प्रश्नांवर चर्चा घ्यावी :

(अ) प्रेषितांनी कुरकुर कशी मिटवली?

(आ) आपल्या घरी वाढणारी व्यक्ती कोणाबरोबर जेवते?

(इ) ताट उशिरा आले, तर मुलांसमोर आपण कोणते शब्द बोलावे?

दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर मुलांनी याच आठवड्यात घरी पाहून यावे.